डिग्रीच्या आधी आलेलं जर्नल: 'जेट्स'ची पहिली चार वर्षं

२००९ चा पावसाळा. मी तेव्हा कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर होतो, एमबीबीएस होऊन दोनच वर्षं झालेली आणि रात्रीच्या ड्युटीला माझ्याशिवाय दुसरा डॉक्टर नसायचा. लावणीचे दिवस म्हणजे आमच्याकडे फुरशाचे, त्या छोट्या विषारी सापाचे दिवस. एका रात्री साडेअकराच्या सुमारास एक काका आले, पायाला फुरसं चावलेलं, हिरड्यांतनं रक्त यायला लागलेलं, आणि मुलाने मारलेलं फुरसं बरणीत घालून सोबत आणलेलं. अशा वेळी विषाने रक्त गोठणं बिघडलंय का ते बघायला वीस मिनिटांची टेस्ट करतात, म्हणजे दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरकी करून बघायचं गुठळी झालीय की नाही. सिस्टरांनी नळी दिली ती साबणाने धुतलेली होती. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तसुद्धा नीट गोठत नाही, आणि प्लास्टिकच्या नळीचाही भरवसा नाही, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी त्या दिवशी वर्गात नसेन. काकांच्या हिरड्यांतनं रक्त येतच होतं म्हणून प्रतिविष द्यायचा निर्णय अडला नाही, ते चार दिवसांनी चालत घरी गेले. पण माझं डोकं त्या नळीतच अडकलं होतं, की रक्त दिसत नसतं आणि मी नुसत्या त्या नळीवर भरवसा ठेवला असता तर.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सायबर कॅफेत बसलो आणि सर्पदंशावर जे मिळेल ते शोधत गेलो. एकेक पेपर उघडायचा, सारांश दिसायचा आणि खाली तीसेक डॉलर भरा असं यायचं. एका पेपरचे तीस डॉलर म्हणजे तेव्हाचे दीड हजार रुपये, आणि एका पेपरने भागणार थोडंच होतं. मग एक पेपर उघडला तो पूर्ण उघडला, पीडीएफसकट. जर्नल ऑफ इमर्जन्सीज, ट्रॉमा अँड शॉक, खंड १, अंक २, जुलै-डिसेंबर २००८, पानं ९७ ते १०५, अलीगढच्या मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी लिहिलेला सर्पदंशाच्या इमर्जन्सी उपचारांचा आढावा. नऊ पानं, पानाला दोन रुपये, अठरा रुपयांत प्रिंट घेऊन मी बसमध्ये बसलो.

त्या जर्नलला सगळे 'जेट्स' म्हणतात. पुढे मी इमर्जन्सी मेडिसिनमध्येच, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या शाखेत आलो त्यामुळे या जर्नलची सुरुवातीची वाढ मी जवळनं वाचक म्हणून बघितली, आणि ती एक केस म्हणून नीट मांडावी असं बरीच वर्षं मनात होतं.

२००८ साली काय होतं

पहिला अंक निघाला जानेवारी-जून २००८ चा. तेव्हा आपल्या देशात इमर्जन्सी मेडिसिन ही सरकारमान्य स्पेशालिटीच नव्हती हे आजच्या रेसिडेंटना सांगितलं तर खरं वाटत नाही. मेडिकल कौन्सिलने एमडी इमर्जन्सी मेडिसिनला मान्यता दिली जुलै २००९ मध्ये, डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एमडीच्या तोडीची पदवी) आली २०१३ मध्ये. म्हणजे जर्नल आधी आणि डिग्री नंतर. पेशंट मात्र कधीच कमी नव्हते, त्या एका २००८ सालात देशात रस्त्यावरच्या अपघातांत जवळपास १ लाख २० हजार माणसं गेली, आणि तो नुसता रस्त्यांचा आकडा, त्यात विषबाधा नाही, भाजणं नाही, साप नाही, हार्ट अटॅक नाही. १०८ नंबरची अँब्युलन्स आंध्रात २००५ ला सुरू झालेली होती, आपल्या महाराष्ट्रात ती यायला २०१४ उजाडलं (९३७ गाड्या एकदम आल्या तेव्हाची धांदल अजून आठवते).

आणि कॅज्युअल्टी म्हणजे काय, तर ज्याला कुठे टाकायचं कळत नाही त्याला टाकायची जागा. पेशंट तपासायचा, कागद करायचा, सर्जरीला किंवा मेडिसिनला कॉल द्यायचा आणि कॉल घेणारा येईपर्यंत पेशंट धरून ठेवायचा. या धरून ठेवण्यातच सगळं शास्त्र आहे, पण त्यावर कुणी लिहीत नव्हतं, कारण लिहून पाठवायचं कुठे. सर्जनला सर्जरीचं जर्नल होतं, भूलतज्ज्ञाला भूलशास्त्राचं होतं, आयसीयूवाल्यांनाही होतं. तो सर्पदंशाचा पेपरच बघा ना, लिहिणारे अलीगढच्या भूलशास्त्र विभागातले. विषारी साप चावलेल्या माणसाचा श्वास बंद पडायला लागला की नळी घालायला भूलवाल्यांनाच बोलावतात, म्हणून अनुभव त्यांच्याकडे जमा झालेला.

यात अजून एक अडचण होती जिच्याबद्दल फार बोललं जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये हिनारी नावाची योजना आणली होती, गरीब देशांतल्या दवाखान्यांना महागडी जर्नल्स फुकट किंवा नाममात्र पैशात. भारत त्यात नव्हता, कारण देश म्हणून आपला आकार मोठा, एकूण उत्पन्न मोठं. आता देशाचं एकूण उत्पन्न मोठं असलं म्हणून माझ्या ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात जर्नल येतं का? कपाटात पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या आणि मागच्या सालची रजिस्टरं होती. श्रीमंतांसारखी वर्गणी परवडत नाही आणि गरिबांची सवलत लागू नाही, अशा मधल्या फटीत आपण पडलो होतो.

ओपन ॲक्सेसची, म्हणजे संशोधन सगळ्यांना फुकट वाचायला मिळावं याची चळवळ सुरू झालेली होती, बुडापेस्टचा जाहीरनामा २००२ चा. इमर्जन्सीत ओपन ॲक्सेस जर्नल्सही थोडी होती, बायोमेड सेंट्रल या प्रकाशकाचं बीएमसी इमर्जन्सी मेडिसिन २००१ पासून होतं. पण त्या पद्धतीत वाचणाऱ्याला फुकट आणि छापायची फी लिहिणाऱ्याने भरायची. मी पुढे एकदा एक केस रिपोर्ट, म्हणजे एकाच पेशंटबद्दलचा लेख, एका परदेशी जर्नलकडे पाठवला, स्वीकारलाही गेला, आणि मग फीचं पत्र आलं तो आकडा माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त होता. मी मागे घेतला. वाचायला दार उघडं आणि लिहायला कुलूप, हे आपल्यासारख्यांसाठी अर्धवटच काम झालं.

मुंबईचा धागा

इथे मुंबई येते. जेट्स छापत होती मेडनो, आणि मेडनो ही डॉ. देवकिशिन साहू या मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञाने १९९७ मध्ये उभी केलेली प्रकाशन संस्था. तिचं सुरुवातीचं मोठं काम म्हणजे केईएमचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन, सेठ जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएमच्या स्टाफ सोसायटीचं, १९५५ पासून चालू असलेलं. ते ऑनलाइन सगळ्यांना फुकट खुलं केलं तेव्हा भीती एकच होती की छापील अंक कोण घेणार. झालं उलटं. बाहेरच्या देशांतनं लेख येण्याचं प्रमाण वाढलं, दाखले, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत दिलेले संदर्भ, वाढले आणि छापील वर्गणीही घसरली नाही, वाढली. साहूंनी हे अनुभव पुढे ठिकठिकाणी मांडले.

त्यातनं मेडनोची पद्धत ठरली ती अशी, की ऑनलाइन वाचायला पैसे नाहीत, बहुतेक जर्नल्समध्ये लेखकालाही पैसे नाहीत, आणि खर्च भागवायचा छापील अंकाची वर्गणी, जाहिराती, सोसायटीचे मेंबर यांच्यावर. दोन्ही दारं उघडी. मला वाटतं जेट्सच्या वाढीचं निम्मं कारण इथेच सापडतं, बाकी सगळं यानंतर.

उरलेलं निम्मं म्हणजे जर्नलमागची माणसं. भारतातले आणि अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिन करणारे भारतीय डॉक्टर मिळून एक इंडो-यूएस गट झाला होता, त्याला इंडसेम म्हणतात, त्यांचे मेळावे इथे भारतात व्हायचे. त्या गटाचं हे जर्नल, आणि संपादक मंडळात फ्लोरिडात काम करणारे डॉ. सागर गालवणकर. कोकणी-मराठी आडनाव बघून मला तेव्हा उगाच बरं वाटलं होतं हे सांगायला हरकत नाही. अमेरिकेत ही स्पेशालिटी १९७९ पासून मान्य आहे, तिथे शिकलेल्या माणसाला माहीत होतं की एखादा विषय उभा राहायचा तर त्याला परीक्षा लागते, संघटना लागते आणि जर्नल लागतं. परीक्षा आणि मान्यता दिल्लीच्या हातात, त्याला किती वर्षं लागतील कुणी सांगावं. जर्नल मात्र आपल्या हातात होतं.

नाव, आणि अंकांचा वेग

नावाकडे बघा. नुसतं इमर्जन्सी मेडिसिन नाही, इमर्जन्सीज, ट्रॉमा आणि शॉक. सुरुवातीला मला हे नाव पसरट वाटायचं. नंतर लक्षात आलं की ज्या विषयाचे डिग्रीवाले डॉक्टरच देशात नाहीत त्या विषयाचं नाव लावून बसलं असतं तर लेख पाठवलेच कुणी नसते. या नावात अपघाताचा सर्जन बसतो, भूलतज्ज्ञ बसतो, आयसीयूवाला बसतो, हाडांचा डॉक्टर बसतो, ज्यांच्या हातात तेव्हा प्रत्यक्षात कॅज्युअल्टी होती ते सगळे बसतात.

आणि दुसरी गोष्ट जी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती म्हणजे अंकांचा वेग. २००८ मध्ये दोन अंक. २००९ मध्ये तीन. २०१० पासून चार. बास, एवढंच, पण यात केवढं गणित आहे ते ज्याने कॉलेजचं वार्षिक जरी काढलं असेल त्याला कळेल. नवीन जर्नल काढणारे पहिल्याच वर्षी मासिक म्हणून जाहीर करतात, पहिले दोन अंक ओळखीच्यांचे लेख घालून निघतात, तिसऱ्याला लेख नसतात, मग मार्चचा अंक जुलैत येतो, मग जोडअंक, मग बंद. अंक वेळेवर निघणं ही इंडेक्सिंग करणाऱ्या, म्हणजे जर्नल्स शोधयादीत घेणाऱ्या संस्था बघतात ती एक मुख्य गोष्ट. आणि लेख वेळेत मिळायचे तर रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांकडनं लेखांची तपासणी, वेळेत व्हायला हवेत, आणि रिव्ह्यूअर कोण, तर ड्युटी करून आलेला, एक पैसा न मिळणारा डॉक्टर, त्यातला एक फ्लोरिडातल्या टँपामध्ये, एक दिल्लीत, एक दोह्यात. सहा महिन्यांना एक अंक म्हटलं की चुकायला जागा राहते. जसजसे लेख यायला लागले तसतसा वेग वाढवला, आधी नाही.

पबमेड सेंट्रल

हे प्रकरण जरा तांत्रिक आहे पण सगळ्यात महत्त्वाचं इथेच घडलं. नवीन जर्नलला कोंबडी आधी की अंडं आधी हा प्रश्न असतो, लोक म्हणतात पबमेडवर (वैद्यकीय लेख शोधायची अमेरिकन सरकारी साइट) दिसत नाही तर लेख कशाला पाठवू, आणि चांगले लेख आल्याशिवाय पबमेडवाले घेणार नाहीत. मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडमधल्या निवडक जर्नल्सच्या यादीत जायचा रस्ता लांबचा, तिथे समिती बसते आणि वर्षं जातात. पण एक दुसरा रस्ता होता, पबमेड सेंट्रल, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं पूर्ण लेखांचं फुकट कोठार. तिथे जर्नल घेतलं गेलं की प्रत्येक लेख आपोआप पबमेडच्या सर्चमध्ये दिसतो. जेट्स तिथे आहे, आणि पहिल्या खंडाच्या पहिल्या अंकापासून आहे.

यासाठी नुसती पीडीएफ चालत नाही. लेखाचा प्रत्येक तुकडा ठरलेल्या एक्सएमएल साच्यात टाकायला लागतो, म्हणजे हे लेखकाचं आडनाव, हा त्याचा विभाग, हा तक्ता, ही संदर्भातली चौथी नोंद आणि तिचं साल, प्रत्येकाला खुणेची पाटी लावायची. प्रत्येक लेखाला कायमचा डीओआय नंबर, मेडनोच्या लेखांचा १०.४१०३ ने सुरू होतो. फोटो मोठ्या आकाराचे लागतात. हे काम एकट्या संपादकाने घरी बसून करायचं म्हटलं तर तो दुसऱ्या अंकालाच हात टेकेल. मेडनोकडे हा कारखाना तयार होता कारण ते इतर बरीच जर्नल्स त्याच साच्यातनं काढत होते, लेख स्वीकारण्यापासून रिव्ह्यूपर्यंतची ऑनलाइन यंत्रणासुद्धा त्यांचीच. संपादकांनी डॉक्टरांचं काम केलं, छपाईवाल्यांनी छपाईचं. आपल्याकडे कितीतरी चांगली जर्नल्स मेली ती लेखांच्या अभावी नाही तर या कारकुनी कामाला माणूस न मिळाल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

मला तालुक्याच्या सायबर कॅफेत तो पेपर सापडला तो या पाट्यांमुळेच, नाहीतर जर्नलचं नाव माहीत असल्याशिवाय मी तिथे पोचलोच नसतो.

लिहिलं कुणी

पहिल्या वर्षांत केस रिपोर्ट भरपूर. काही लोक यावरनं नाक मुरडतात की केस रिपोर्ट म्हणजे हलका माल. मला ते पटत नाही. ज्या डॉक्टरला संशोधनाचं बजेट नाही, स्टॅटिस्टिक्सवाला नाही, एथिक्स कमिटी कशी असते माहीत नाही, तो लिहायला शिकणार कुठे, तर एका पेशंटवर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावरचं काम खेड्यातनं थेट लॅन्सेट या नावाजलेल्या ब्रिटिश जर्नलपर्यंत नेलं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण बावसकर एकच असतात, बाकीच्यांना जवळपास कुठेतरी पहिली पायरी लागते.

मग बाहेरनंही लेख यायला लागले. २०११ च्या चौथ्या खंडात ग्रीसच्या सर्जननी पोटातला दाब वाढल्यावर काय होतं त्याचा आढावा लिहिला, पानं २७९ ते २९१, तो पुढे खूप ठिकाणी दाखल्यात दिसायला लागला, आमच्या आयसीयूच्या चर्चेतसुद्धा तोच काढायचे. तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या, मुंबईत छापल्या जाणाऱ्या जर्नलमध्ये ग्रीसमधला माणूस लिहितोय याचा अर्थ त्याला खात्री होती की तो वाचला जाईल.

पण याचीच दुसरी बाजू मला खटकते ती लिहितोच. मी जेवढं वाचलं त्यात लेखकांच्या नावाखाली मेडिकल कॉलेजं, मोठी ट्रॉमा सेंटरं, परदेशी विद्यापीठं. ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र असा पत्ता मला जवळजवळ दिसला नाही. आणि साप तर तिथेच चावतो. २०११ मध्येच देशभरातल्या मृत्यूंच्या मोठ्या पाहणीवरनं अंदाज आला की भारतात वर्षाला सुमारे ४६ हजार माणसं सर्पदंशाने मरतात, सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली, बरीचशी दवाखान्यापर्यंत न पोचलेली. लिहायला फी नव्हती, दार उघडं होतं, पण पीएचसीच्या डॉक्टरला इंग्रजी लेख कसा मांडायचा हे शिकवणारं कुणी नव्हतं. मी स्वतः चार वेळा लिहायला बसलो आणि प्रस्तावनेच्या दुसऱ्या परिच्छेदात अडकून उठलो.

२०११ आणि पुढे

डिसेंबर २०११ मध्ये मेडनो वोल्टर्स क्लुवर या मोठ्या परदेशी कंपनीने घेतली. तोवर मेडनोकडे शंभरच्या वर जर्नल्स झाली होती. पुढच्या वर्षांत मेडनोच्या बऱ्याच जर्नल्समध्ये लेखकांना फी लागली. ज्या दोन उघड्या दारांबद्दल मी वर लिहिलं त्यातलं एक दार अनेक ठिकाणी लोटलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. छपाईचा खर्च कुणालातरी भरायलाच लागतो हे मान्य, पण वर्गणी आणि जाहिरातींवर ते बरीच वर्षं चाललं होतं हेही तितकंच खरं.

सप्टेंबर २०१५ मध्ये मेडिकल कौन्सिलचं प्रमोशनबद्दलचं परिपत्रक आलं, त्यात फक्त मूळ संशोधन धरायचं, केस रिपोर्ट धरायचे नाहीत आणि नुसती ऑनलाइन निघणारी जर्नल्स चालायची नाहीत. इमर्जन्सी मेडिसिन शिकवणारे तेव्हा नुकते तयार होत होते, त्यांच्या नावावर होते ते बहुतेक केस रिपोर्टच. जेट्स छापीलही निघायचं म्हणून दुसऱ्या अटीत ते अडकलं नाही, पण पहिल्या अटीने माझ्या ओळखीतल्या तिघांची फाईल परत आली. त्यातल्या एकीने मग कॅज्युअल्टीत आलेल्या ऑर्गॅनोफॉस्फरसच्या (कीटकनाशकाच्या विषबाधेच्या) पेशंटची वही घातली, रोज रात्री ड्युटी संपताना एक ओळ. तिचं मूळ संशोधन तिथनं सुरू झालं.

आज कुणी मला विचारतं की आपल्या विषयाचं, आपल्या भागातलं जर्नल काढायचंय तर काय करू, तेव्हा मी जेट्सचे पहिले सात-आठ अंक ओळीने बघायला सांगतो. कोण लिहितंय, कुठनं लिहितंय, लेख किती आणि अंक कुठल्या महिन्यात निघाला. आणि एक्सएमएलचं काम कोण करणार ते पहिला लेख मागवायच्या आधी ठरवायला सांगतो.

ती नऊ पानं माझ्याकडे राहिली नाहीत. २०१० च्या उन्हाळ्यात बदली झाली तेव्हा ड्युटी रूमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवून आलो, माझ्या जागी येणारी मुलगी नुकतीच इंटर्नशिप संपवून आलेली होती. सिस्टरांनी काचेच्या नळ्यांचा वेगळा डबा केला होता आणि त्यावर चिकटपट्टी लावून लाल पेनाने लिहिलं होतं, साप, साबण लावू नये.